वऱ्हाडच्या माळावरील काळवीट

‘हरिण’ हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे बहुधा दाट अरण्य उभे राहते. उंच झाडे, त्यांच्या सावलीतील झरा आणि त्या झऱ्यावर मान वाकवून पाणी पिणारे ठिपकेदार जनावर, असे ते चित्र असते. चितळापुरते ते खरेही आहे. परंतु आपल्या काव्यात, धर्मविधींत आणि चित्रकलेत ज्या हरिणाला सर्वांत मानाचे स्थान मिळाले, त्या काळविटाचा अरण्याशी संबंध फार थोडा. तो उघड्या माळाचा रहिवासी आहे. झाडांची दाटी झाली की तो बिचकतो. जेथे नजर दूरवर पोहोचते आणि पायांना मोकळे रान मिळते, तेथेच तो सुखाने नांदतो. आज मला जे सांगावयाचे आहे ते या एका गोष्टीभोवतीच फिरणारे आहे. काळविटाचा इतिहास म्हणजे माळाचा इतिहास होय. आणि आपल्या वऱ्हाडात माळाचे जे झाले, तेच काळविटाचे झाले.

मी शेगावचा राहणारा. भूगोल शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे कोणताही विषय नकाशावाचून सुरू करणे मला जड जाते. तेव्हा श्रोत्यांनी क्षणभर बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा मनापुढे आणावा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांची रांग, आणि या दोहोंमध्ये साधारणपणे साठ ते ऐंशी किलोमीटर रुंदीचे पूर्णा नदीचे सपाट खोरे. या खोऱ्याला जुन्या कागदपत्रांत पाईनघाट म्हणत, आणि दक्षिणेकडील डोंगरावरच्या पठारास बालाघाट. शेगाव आणि खामगाव ही पाईनघाटात. चिखली, मेहकर ही घाटावरची. खोऱ्यातील जमीन काळी व खोल, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी. पूर्णेच्या दोन्ही अंगांस विहिरींचे पाणी खारे लागते म्हणून त्या पट्ट्यास आपण खारपाण पट्टा म्हणतो. अशा या भूमीवर मोठे अरण्य नव्हतेच. जंगल होते ते सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या उतारांवर. सपाटीवर असे ते शेत, बाभूळ आणि गवत.

आता प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. मराठीत आपण चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चिंकारा या सर्वांना हरिण म्हणून मोकळे होतो. प्राणिशास्त्र मात्र यांचे दोन स्वतंत्र कुळांत विभाजन करते, आणि त्या विभाजनाची खूण शिंगांत आहे. चितळ, सांबर आणि भेकर यांची शिंगे भरीव हाडाची असतात. ती ठराविक काळाने गळून पडतात आणि पुन्हा नवी उगवतात. नवे शिंग वाढत असता त्यावर मखमलीसारखी मऊ कातडी असते. वाढ पुरी झाली की ती वाळते आणि जनावर झाडाच्या बुंध्यावर घासून ती काढून टाकते. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचे म्हणून जे हरिण प्रसिद्ध आहे, तेही याच कुळातले. धोका दिसताच ते शेपटी निशाणासारखी उभारते आणि तिच्या खालची शुभ्र बाजू झळकावीत पळते.

काळवीट व चिंकारा यांचे कुळ निराळे. ते गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांचे. त्यांच्या शिंगांत आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर शिंगद्रव्याचे टोपण. ही शिंगे एकदा आली की जन्मभराची. वऱ्हाडात जिला आपण रोही म्हणतो ती नीलगायदेखील याच घराण्यातली. स्वीडनचा पंडित लिनियस याने १७५८ मध्ये काळविटाचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याने त्याला शेळीच्या गटात घातले आणि ‘सर्व्हिकाप्रा’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘सर्व्हस’ म्हणजे हरिण आणि ‘काप्रा’ म्हणजे शेळी. पुढे गट बदलला, परंतु ते नाव टिकले. दिसावयास हरिण आणि शरीररचनेने शेळीचा आप्त, हे त्या एका शब्दात चांगले सामावले आहे.

पूर्ण वाढलेला नर दिसावयास मोठा देखणा. पाठ व कुशी काळ्याभोर, पोट व पायांची आतील बाजू शुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी कडी आणि डोक्यावर दीड-दोन फूट उंचीची, मळसूत्रासारखी पिळदार शिंगे. मादी पिवळसर तांबूस रंगाची असते आणि तिला सहसा शिंगे नसतात. नरही जन्मतः तसाच तांबूस असतो. वयाच्या सुमारे तिसऱ्या वर्षापासून तो काळा पडू लागतो, आणि ज्याचे कळपात वर्चस्व त्याचा रंग अधिक गडद. माजाच्या दिवसांत असा नर जमिनीचा एखादा तुकडा आपला म्हणून धरून बसतो. एकाच जागी लेंड्यांचा ढीग घालून आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथींतील स्राव गवताच्या काड्यांना पुसून तो आपली हद्द आखतो. दुसरा नर त्या हद्दीत शिरला की शिंगास शिंग भिडते. मादी सुमारे पाच ते सहा महिन्यांनी एका पाडसास जन्म देते. जन्मल्यावर काही दिवस पाडस उंच गवतात निश्चल पडून राहते आणि आई दूर चरत राहून ठराविक वेळी त्याला पाजावयास येते. गवत नसेल तर पाडसाला लपावयास जागा नाही, आणि कोल्ह्याकुत्र्यांना ते आयतेच सापडते, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

या प्राण्याचे सर्व संरक्षण त्याच्या डोळ्यांत आणि पायांत आहे. ताशी सुमारे ऐंशी किलोमीटर इतका वेग तो घेऊ शकतो. शत्रू दिसला की कळपातील एखादी मादी एकाएकी उंच उडी घेते. तिच्यामागून दुसरी, तिसरी, आणि बघता बघता सारा कळप चौखूर उधळतो. दाट झाडीत असा वेग काय कामाचा? म्हणूनच तो जंगलात शिरत नाही. त्याचे मुख्य खाणे गवत. ज्या भूमीवर गवत आखूड किंवा मध्यम उंचीचे आहे, पाणी जवळ आहे आणि आडोसा थोडा आहे, ती भूमी त्याची. थोडक्यात सांगावयाचे तर निसर्गाने त्याला माळाच्या मापाने घडविला आहे.

आपल्या पूर्वजांनी हे फार पूर्वी ओळखले होते. संस्कृतात त्याला कृष्णसार म्हणतात. कृष्णसार मृग जेथे स्वभावतः फिरतो तो देश यज्ञाला योग्य, असा भूमीचा निकष मनुस्मृतीने सांगितला आहे. त्याकडे केवळ धार्मिक दृष्टीने न पाहता भूगोलाच्या दृष्टीनेही पाहता येईल. घनदाट अरण्य नव्हे, दलदल नव्हे, वाळवंटही नव्हे, अशी गवताची, गुराढोरांना आणि धान्याला मानवणारी भूमी कोणती, तर काळविटाची. त्याचे कातडे, म्हणजे कृष्णाजिन, मौजीबंधनात बटूस देण्याची चाल होती. कालिदासाच्या शाकुंतलाचा पडदा उघडतो तो धावत्या कृष्णसारामागे रथ पिटाळणाऱ्या दुष्यंतावर. आणि हा आश्रमातील मृग आहे, याला मारू नये, असे सांगून तपस्वी राजाला थांबवितात. राजाने शिकार करावी आणि तिला कोठेतरी मर्यादा असावी, या दोन्ही कल्पना त्या एका प्रवेशात एकत्र आल्या आहेत.

मोगल काळात ही शिकार दरबारी वैभवाचा भाग झाली. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराच्या राज्यास जोडला गेला, आणि शेगावापासून फार दूर नसलेले बाळापूर हे मोगलांचे येथील मोठे ठाणे झाले. काळविटाच्या शिकारीसाठी बादशाह चित्ते पाळीत. येथे चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे, हे सांगणे अवश्य आहे. हा सडपातळ, लांब पायांचा, सर्व प्राण्यांत वेगवान असा खरा चित्ता. अकबराने एके काळी हजारापर्यंत चित्ते जमविले होते, असे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. शिकारीची रीत अशी. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता बैलगाडीवर बसवून माळावर नेत. काळविटांना बैलगाडीची सवय असल्यामुळे ते गाडी जवळ येऊ देत. मग टोपी काढीत, आणि चित्ता काही क्षणांत झेप घेऊन नरास लोळवी. जहांगीराने तर आपल्या एका आवडत्या पाळीव काळविटाच्या स्मरणार्थ लाहोरजवळ शेखूपुरा येथे थडगे बांधविले आणि त्या भागात हरणांच्या शिकारीस मनाई केली. तेथील हिरण मिनार आजही उभा आहे. चित्त्याने शिकार करण्याची ही पद्धत आपल्याकडे कोल्हापूरच्या संस्थानात विसाव्या शतकातही चालू होती. हिंदुस्थानातील चित्ते दुर्मीळ झाल्यामुळे तेथे ते आफ्रिकेतून आणवीत.

राजांची शिकार अशी थाटाची. वऱ्हाडातील फासेपारध्यांची पोटाची. रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात पारध्यांच्या निरनिराळ्या शाखांची आणि त्यांच्या कसबाची माहिती आली आहे. काही पारधी चित्ते शिकवून तयार करीत. फासेपारधी मात्र नावाप्रमाणे फास लावीत. शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने पारधी कळपाच्या जवळ जाई, वाटेवर फासांची ओळ मांडी आणि मग कळपाला हळूहळू त्या दिशेने वळवी. काळवीट कोणत्या वेळी कोठे चरतो, कोणत्या वाटेने पाण्यावर जातो, घाबरला म्हणजे कोणीकडे वळतो, याचे ज्ञान त्यांच्याइतके कोणासही नव्हते. आणि तरीही शतकानुशतके पारधी आणि काळवीट ही दोन्ही या माळावर टिकून राहिली. चित्ता, लांडगा, पारधी आणि बादशाह या चौघांनी मिळून जे केले नाही, ते पुढे निराळ्याच कारणाने घडले. त्या कारणाकडे आता वळतो.

पाईनघाटातील शेती जुनी आहे. सारा मुलूख माळच होता असे कोणी समजू नये. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी वऱ्हाडाची फार दैना झाली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, त्यानंतर सुमारे पंधरवड्याने गाविलगड पडला. त्याच सुमारास दुष्काळाने आणि पेंढाऱ्यांनी गावे ओस पाडली. निजामाच्या अमलात वसुलीचे मक्ते सावकारांना दिले जात, आणि मक्तेदाराला गावाच्या सुखदुःखाशी कर्तव्य नसे. पुष्कळ वावरे पडीत राहिली आणि त्यांवर गवत व बाभळी माजल्या. माणसाची ही विपत्ती काळविटाच्या पथ्यावर पडली, असे म्हणावे लागते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज शिकाऱ्यांनी व प्राणिशास्त्रज्ञांनी देशभरच्या मैदानांत काळविटांचे विलक्षण मोठे कळप पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. जर्डन याने हिस्सारच्या सरकारी गुरांच्या कुरणात हजारोंनी काळवीट असल्याचे नमूद केले आहे. कुरण राखले ते गुरांसाठी; पण त्यावर नांदले तेही आणि हेही.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मँचेस्टरची दृष्टी वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. कापसाचे भाव असे चढले की पडीक जमिनीच्या तुकड्यासाठी अर्जांवर अर्ज येऊ लागले. त्याच दशकात जमिनीची मोजणी होऊन धारा ठरू लागला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग शेगाव, अकोला या मार्गाने नागपुरास पोहोचला. १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगावचा कापसाचा बाजार देशभर गाजला. शेगावही कापसाची पेठ म्हणून वाढले. या सर्व घडामोडींत वऱ्हाडच्या कुणब्याला चार पैसे दिसले, मुलांसाठी शाळा निघाल्या, आमची शहरे उभी राहिली; त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु या भरभराटीची किंमत कोणीतरी मोजली, आणि ती माळाने मोजली. दोन पिढ्यांच्या आत पाईनघाटातील नांगरता येण्यासारखी बहुतेक सर्व जमीन नांगराखाली गेली.

येथे एका शब्दाचा विचार केला पाहिजे. तो शब्द ‘पडीक’. ज्या जमिनीतून सरकारला धारा येत नाही आणि जिच्यावर उंच झाडे नाहीत, ती पडीक. जंगलाला कायद्याचे संरक्षण मिळाले, कारण सागवानाला किंमत होती. वऱ्हाडात जंगलखात्याने गवतासाठी राखलेले ‘रमणे’ आणि बाभळीसाठी राखलेली ‘बाभूळबने’ होती, हे खरे. गावच्या गुरांना चरण्यासाठी मोकळी सोडलेली आणि दप्तरात ‘ई-क्लास’ म्हणून नोंदलेली जमीनही होती आणि आहे. तथापि हे तुकडे पडले मधेमधे विखुरलेले. एरवी माळ म्हणजे काहीच नाही, रिकामी जागा, अशीच समजूत रूढ झाली. मेंढपाळाला विचारा, तो सांगेल की माळ रिकामा नाही. त्यावर पवन्या आहे, मारवेल आहे, कुसळी आहे. त्यात तितर आहे, ससा आहे, लांडगा आहे, माळढोक होता, तणमोर आहे. पण मेंढपाळाला सहसा कोणी विचारीत नाही.

बंदुकीने राहिलेले काम केले. रानपशुपक्ष्यांच्या रक्षणाचा एक कायदा १९१२ मध्ये झाला होता, परंतु त्याची पकड ढिली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि रात्रीचे प्रखर दिवे शिकाऱ्यांच्या हाती आले. उघड्या मैदानावर जो वेग आजवर काळविटाला तारीत होता, तो मोटारीपुढे निकामी ठरला. त्याचा जुना वैरी चित्ता तर त्याच्याही आधी गेला. १९४७ मध्ये सरगुजाजवळच्या कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, ते येथील अखेरच्या चित्त्यांपैकी होत. १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते आणून मध्यप्रदेशातील कुनो येथे सोडले आहेत, ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. काळविटाला खरा आधार मिळाला तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. त्याच्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचे नाव आहे. त्याची शिकार करणाऱ्यास किमान तीन वर्षांचा कारावास सांगितला आहे.

आता कायद्याने काय होते आणि काय होत नाही, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरिणाकडे पुन्हा वळू. तेथेही एकोणिसाव्या शतकात मांसाच्या आणि कातड्याच्या व्यापारासाठी अनिर्बंध कत्तल झाली. १९०० च्या सुमारास सबंध देशात ती हरिणे पाच लाखांहूनही कमी उरली असावीत, असा तेथील जाणकारांचा अंदाज आहे. त्याच वर्षी बेकायदा मारलेल्या जनावरांच्या आंतरप्रांतीय व्यापारास बंदी करणारा लेसी कायदा झाला. १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या जोपासनेस लावण्यात आला. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे आणि कित्येक गावांत ती बागा खाऊन उपद्रव देऊ लागली आहेत. मग तेच काळविटाच्या बाबतीत का घडले नाही? कारण पांढऱ्या शेपटीचे हरिण रानाच्या कडेला राहणारे आहे. त्याला झुडपे, कोवळे अंकुर, फळे, शेतातील पीक, काहीही चालते. अमेरिकेच्या पूर्वभागात सोडून दिलेल्या शेतांवर रान पुन्हा माजले आणि त्याला घर परत मिळाले. आमच्याकडे सोडून दिलेले शेत कोठे आहे? कायद्याने काळविटाचा जीव वाचला. घर मात्र परत मिळाले नाही.

घर मिळाले तर तो किती त्वरेने वाढतो, याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. १९३२ मध्ये टेक्सास प्रांतातील एडवर्ड्स पठारावर काही काळवीट नेऊन सोडले. तेथे मोठमोठी खाजगी कुरणे, उघडे रान, आणि वाघ-चित्ता कोणी नाही. आज तेथे ते हजारोंनी आहेत, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरिणांशेजारीच चरतात. पाकिस्तानात हा प्राणी रानातून नष्ट झाला, तेव्हा १९७० च्या सुमारास टेक्सासहूनच काही काळवीट तेथे आणले गेले. सिंधूकाठचे जनावर समुद्रापलीकडून मायदेशी परतावे, हा दैवाचा खेळच म्हटला पाहिजे. आपल्या देशातील वेळावदरचे उदाहरणही तसेच बोलके आहे. भावनगर संस्थानाने तेथे गवताची ‘वीडी’ राखली होती. ती राखली शिकारीसाठी आणि गुरांसाठी, परंतु गवत राहिले म्हणून काळवीटही राहिले. १९७६ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

आमच्या बाजूस काय उरले आहे? बुलढाण्याजवळचे ज्ञानगंगा अभयारण्य दोनशे चौरस किलोमीटरांहून मोठे आहे, पण ते डोंगरउताराचे रान आहे; ते बिबट्याचे आणि अस्वलाचे घर. माळाचे म्हणावे असे राखीव क्षेत्र शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, कारंजाजवळ सोहोळ येथे आहे. काळविटासाठी इ. स. २००० मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अवघे अठरा चौरस किलोमीटरांचे. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे, १९८० चे, तर सव्वादोन चौरस किलोमीटरांहूनही लहान. येवढ्या जागेत कळप मावत नाही, मावणारही नाही. तो आसपासच्या वावरांत उतरतो, आणि येथूनच शेतकऱ्याची कथा सुरू होते.

ही कथा शहरातील श्रोत्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. हरभरा हातभर वर आला, तूर पालवली, सोयाबीन उगवले की रात्री रोह्यांचे आणि हरणांचे कळप येतात. रानडुकरे वेगळीच. शेतकरी थंडीत जागल करतो, धुऱ्यावर शेकोटी पेटवतो, डबे वाजवतो, बुजगावणी उभारतो. तरी सकाळी उठून पाहावे तो अर्धे वावर तुडविलेले. नुकसानभरपाईची सरकारी तरतूद आहे. परंतु पंचनामा, अर्ज आणि हेलपाटे यांत शेतकऱ्याचा हंगाम जातो. अशा माणसाला कृष्णसाराचे सौंदर्य सांगू जाणे हा क्रूर विनोद होईल. हरिणाचे रक्षण करावयाचे तर त्याचा सारा भार ज्याच्या वावराला कुंपण नाही त्याच्यावर टाकता कामा नये. आणि काळवीट काही हौसेने वावरात येत नाही. त्याचे गवत आपण काढून घेतले, त्या जागी पीक उभे केले. तो मूळच्या जागीच चरतो आहे. दोघेही आपापल्या परीने खरे आहेत. ज्या भांडणात दोन्ही पक्ष खरे असतात, त्याचा निकाल तिसऱ्या ठिकाणी शोधावा लागतो. आणि ते तिसरे ठिकाण म्हणजे गावचा माळ.

गावोगाव ई-क्लासची जमीन थोडीफार शिल्लक आहे. कोठे तिच्यावर अतिक्रमण झाले आहे, कोठे खाणी निघाल्या आहेत, कोठे वेड्या बाभळीने तिला गिळले आहे. आणि कोठे, हे मला मुद्दाम सांगावयाचे आहे, तिच्यावर सद्हेतूने खड्डे खणून झाडे लावली जातात. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे. पण गवताच्या भूमीवर दाट झाडी उभी करणे म्हणजे तळ्यात माती भरून तेथे बगीचा करण्यासारखे आहे. बगीचा सुंदर दिसेल, परंतु मासे मरतील. माळाला झाडांची नव्हे, विश्रांतीची गरज असते. एखाद्या कुरणाचा काही भाग पावसाळ्यात गुरांना बंद ठेवला, गवताचे बी पडू दिले आणि मग कापणी केली, तर दोन-तीन वर्षांत ते पुन्हा भरते. त्यावर गावाची गुरे जगतात, आणि पाडसाला लपावयास जागा मिळते. यात शेतकऱ्याचेही हित आहे. कारण पोटभर गवत असलेल्या कळपाला वावराची ओढ कमी.

हे केवळ स्वप्न नव्हे. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतील काही फासेपारधी वस्त्यांनी गवताळ कुरणे राखण्याचे आणि त्यांत घरटी करणाऱ्या तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याचे रक्षण करण्याचे काम हाती घेतले आहे. या घटनेचा अर्थ फार मोठा आहे. इंग्रजी राज्यात १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी लोकांच्या मनातील संशय अजून गेलेला नाही. १९७२ नंतर शिकार गुन्हा ठरली, तेव्हा पारध्याची विद्या हीच त्याची अडचण झाली. आता तीच विद्या, म्हणजे माळ कसा जगतो, जनावर कोठे विते, पक्षी कोठे बसतो याचे ज्ञान, राखणीच्या उपयोगी येत आहे. ज्याचे पूर्वज फास घेऊन कळपामागे जात, तो आज गवताची राखण करतो, हे चित्र मला कोणत्याही अभयारण्याच्या फलकापेक्षा अधिक आश्वासक वाटते.

श्रोतेहो, शेगावला गाडीने येताना नांदुऱ्यापासून पुढे खिडकीबाहेर पाहिले तर कपाशी, तूर आणि सोयाबीन यांची अखंड चादर दिसते. क्वचित एखादा गवताचा तुकडा मधे येतो. त्यावर दोन-चार शेळ्या आणि एखादे बाभळीचे झाड. अशी जागा दिसली की ‘ही जमीन पडून आहे’ असे उद्गार सहज आपल्या तोंडून निघतात. ती पडून नाही. शेकडो वर्षे तिने गुरे पोसली, मेंढपाळ पोसला, पारधी पोसला, आणि ज्याच्या कातड्यावर बसून आपल्या पूर्वजांनी अध्ययन केले त्या कृष्णसारास पोसले. तिच्याकडे रिकामी जागा म्हणून पाहणे आपण सोडले, तर पुढील पिढीतील मुलांना काळवीट चित्रात दाखवावा लागणार नाही. तो त्यांना त्यांच्याच गावच्या शिवारात दिसेल.